शुल्क भरले, पण पुढच्या खर्चाचे काय? : बडोदेकरांचे अनुभव

सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली आणि १९१३ साली डॉ. आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला धाडले. त्याच बडोद्यात आज गरजू अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना मदत करताना, किंवा ती घेताना, आलेले अनुभव कृपया लिहावेत.

एका निधीचा विश्वस्त, दांडिया बाजार
आमचा छोटा निधी वर्षानुवर्षे शुल्काचा धनादेश थेट महाविद्यालयाच्या नावे देत असे आणि तेवढ्याने आपले काम झाले, असे आम्ही समजत होतो. तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी शुल्क पूर्ण भरलेले असूनही प्रयोगशाळेत येईनासा झाला. ताप आल्याचे त्याने गटातील मुलांना सांगितले होते. घरी गेलो तेव्हा कळले, की त्याच्या हातून मोटर ड्रायव्हर (मोटर चालवणारे छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट) जळला होता आणि नव्यासाठी ३०० रुपये मागायची त्याला लाज वाटत होती. तेव्हापासून साहित्यखर्च आम्ही आगाऊ देतो. पावत्या मागाहून आल्या तरी चालतील, हे ज्येष्ठ विश्वस्तांच्या गळी उतरवण्यात मात्र दोन बैठका गेल्या.

माजी विद्यार्थिनी, वाडी
गुजरात राज्याच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेतून पात्र विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी पदवीसाठी निम्मे शिक्षण शुल्क, कमाल ५० हजार रुपये, मिळते. मलाही मिळाले, परंतु महाविद्यालयाची मुदत त्याआधीच संपत असल्याने मावशीच्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या. देणगीदारांनी अशा मधल्या महिन्यांपुरती बिनव्याजी उसनवार दिली, तरी फार मोठे काम होईल.

कारखानदार, मकरपुरा
जॉब, म्हणजे यंत्रावर घडवायचा भाग, पकडून ठेवण्यासाठी नवे फिक्श्चर हवे होते, ते काम शेवटच्या वर्षाच्या चौघांना प्रकल्प म्हणून दिले. पहिले ड्रॉइंग संगणकावर देखणे होते, पण बोल्टला पाना घालायला जागाच ठेवलेली नव्हती. आमच्या फिटरने त्यांना पाना हातात देऊन, काही न बोलता, बोल्ट फिरवायला लावला. दुसरे ड्रॉइंग बरोबर आले. चौघांना दरमहा मानधन दिले, कारण त्यांतील एक जण संध्याकाळी डबे पोहोचवून घर चालवत होता. प्रकल्पाच्या नावाखाली फुकट राबवून घेणे मला पटत नाही.

निवृत्त लिपिक, रावपुरा
मुलाचा मिनी ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या रेषा आखायचे साधन) आजवर चार जणांनी वापरला. पहिल्या वर्षाच्या कोणाला हवा असल्यास घेऊन जावा. स्क्रू तेवढा घट्ट करून घ्यावा.