हॉटेलात ठेवलेल्या आश्रयार्थींना मंडळाने नेमकी काय मदत करावी? (इंग्लंड)

वैशाली_लेस्टर
मंडळाच्या हॉलजवळच्या हॉटेलात आश्रयाचा अर्ज केलेली माणसं आहेत, बरीचशी अफगाण, काही सुदानी. आमचे आठ-दहा जण आठवड्याला दोन तास देऊ शकतील. डाळ-तांदूळ गोळा करावेत का? गणपतीत स्वयंपाकाला हाताशी घेऊन चार पैसे दिले तर चालतील?

सुहास के.
पैसे अजिबात नको. अर्ज प्रलंबित असताना कामाला बंदी असते, आणि भोगावं लागेल ते त्यांना. 12 महिने उलटूनही निकाल नसेल आणि उशीर त्यांच्यामुळे झालेला नसेल, तरच परवानगी मागता येते, तीही ठराविक कामांपुरती. धर्मादाय संस्थेत स्वयंसेवक म्हणून मात्र ते येऊ शकतात. त्यांना जेवण आणि प्रत्यक्ष लागलं तेवढं भाडं द्या.

डाळ-तांदूळ शिजवणार कुठे? खोलीत शेगडी नसते. जेवण हॉटेलात मिळतं, म्हणून हातात येणारा सरकारी भत्ता आठवड्याला 10 पौंडांच्याही आत. बसचं तिकीट 3 पौंडांपर्यंत, म्हणजे वकिलाकडे एकदा जाऊन आलं की 6 संपले. बसभाडं, मोबाइलचा डेटा, मापाचे बूट आणि नवी अंतर्वस्त्रं द्या. जुन्या कपड्यांचे ढीग नकोत.

मेधा_जोशी
खरी गरज कागदांची आहे. प्रत्येकाला एक फाइल द्या. अर्जाबद्दल सरकारी पत्र आलं की त्याच दिवशी त्याचा आणि पाकिटाचा फोटो काढायचा, हाती पडल्याची तारीख पेन्सिलीने कोपऱ्यात लिहायची. नकार आला तर अपिलाला 14 दिवस असतात आणि ते पत्र पाठवल्यापासून मोजतात. पाकीट रिसेप्शनवर पडून राहिलं तर तेवढे दिवस गेले. आश्रयाच्या अर्जाची मुलाखत चुकली तर अर्ज मागे घेतला असं धरलं जाऊ शकतं. म्हणून आदल्या दिवशी रस्ता आणि बस दाखवून ठेवा.

अफगाणांपैकी पुष्कळांना उर्दू समजते, आपल्या हिंदीवर भागतं. तरी दवाखान्यात दुभाषा मागाच. ओळखीचा शेजारीच दुभाषा असेल तर त्याच्यासमोर छळाबद्दल कोण बोलेल? आणि त्यांच्या केसबद्दल सल्ला देऊ नका. इमिग्रेशन सल्लागार म्हणून नोंदणी नसताना तो देणं 1999 च्या इमिग्रेशन कायद्याने गुन्हा आहे, फुकट दिला तरी. पत्र वाचून दाखवा, वकिलाला फोन लावून द्या, तिथे थांबा.

प्रशांत_बर्मिंगहॅम
जीपीकडे (सरकारी आरोग्यसेवेतल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रही नाही. रिसेप्शनवर अडवलं तर शांतपणे हेच सांगा. एचसी2 (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारं आरोग्यखर्चाच्या माफीचं) प्रमाणपत्र असेल तर औषधं, दात, डोळ्यांची तपासणी फुकट. त्यावरची मुदत बघा.

आश्रयाला मंजुरी आली की सगळे पेढे वाटतात आणि गाफील राहतात. नियमात 28 दिवसांत हॉटेल सोडायचं असतं, तर युनिव्हर्सल क्रेडिटचा (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी भत्त्याचा) पहिला हप्ता यायला सुमारे पाच आठवडे लागतात. पत्रावरची तारीख बघून त्याच आठवड्यात ई-व्हिसा (राहण्याच्या परवानगीची ऑनलाइन नोंद) खातं उघडून द्या, क्रेडिटचा अर्ज करा, आगाऊ रक्कम मागा आणि कौन्सिलला (स्थानिक पालिकेला) बेघर होण्याची वेळ आल्याचं लेखी कळवा. आठ-दहा जणांतले दोघे फक्त ह्याच कामाला ठेवा.

वैशाली_लेस्टर
डाळ-तांदूळ रद्द. फाइली आणि बसभाड्यापासून सुरुवात करतो.