कुंडीत जगलं म्हणजे वाचलं का?

कुणीतरी म्हटलंय, दुर्मिळ झाडांची रोपवाटिकेत भरपूर रोपं करायची, डोंगरावर लावायची, त्यात रानोमाळ भटकणारा वनस्पतितज्ज्ञ कशाला? शिवसुमनचंच घ्या. शिवनेरीसह मोजक्याच कड्यांवर उगवणारी ही मांसल वनस्पती फांदीवरून सहज लागते. पण एकाच झाडाच्या फांद्या लावून शंभर कुंड्या भरल्या तरी जनुकीयदृष्ट्या झाड एकच! बी धरायला परागपुंज (परागकणांचे घट्ट गोळे) वाहणारी माशी लागते, आणि ती कड्यावर येते की नाही हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

कंदीलपुष्पाचं, म्हणजे कंदिलासारखी फुलं येणाऱ्या रानवेलाचं, तर विचारूच नका. पावसाळा सरला की वेल वाळून जातो, जमिनीत फक्त कंद उरतो. म्हणजे शोधायचं ते भर पावसात, गवतात, आणि फुलावर नसेल तर समोर असून दिसत नाही. फुलाच्या नळीत आतल्या बाजूला वळलेले केस असतात. माशी आत जाते, अडकते, केस कोमेजले की परागपुंज घेऊन सुटते.

आणि हो, फोटो टाकताना नेमकी जागा देऊ नका राव. कंद उकरून नेणारे फक्त रानडुक्करच नसतात.