मदत हवी आहे: बीगलबोन ब्लॅकला यूएसबीवरून लॅपटॉपचं इंटरनेट मिळत नाही

नमस्कार मंडळी,

करवीर तालुक्यात माझ्या चुलत्यांचं गुऱ्हाळ आहे. पाक ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की काहिल (पाकाची मोठी कढई) उतरवायची वेळ होते. आमचे गुळवे (गूळ बनवणारे कारागीर) थर्मामीटर बघत नाहीत, पाण्यात पाकाची गोळी करून ओळखतात. ते "उतरवा" म्हणतात त्या क्षणी तापमान नेमकं किती असतं, हे मला प्रत्येक आदणाला, म्हणजे काहिलीच्या दर खेपेला, नोंदवायचंय. त्यांच्यानंतर हे कुणाला येणार, याची खरंच काळजी वाटते.

त्यासाठी बीगलबोन ब्लॅक हा एका बोर्डवरचा छोटा संगणक घेतलाय, त्यावर डेबियन लिनक्स आहे. बोर्डला वायफाय नाही, गुऱ्हाळावर राउटर नाही आणि माझ्या लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नाही. म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून लॅपटॉपला आणि तिथून यूएसबी केबलने बोर्डला, एवढीच वाट उरते. लॅपटॉपवर उबुंटू आहे.

बोर्ड १९२.१६८.७.२ वर आणि लॅपटॉप १९२.१६८.७.१ वर आहे. एसएसएच (लॅपटॉपवरून बोर्डवर लॉगिन) लगेच होतं, एकमेकांना पिंगही (पोचतंय का बघणारं छोटं पॅकेट) जातो. लॅपटॉपवर नेट व्यवस्थित चालतं. पण बोर्डवरून ८.८.८.८ ला (गूगलच्या सर्व्हरला) पिंग केलं की सगळी पॅकेट्स गायब.

बोर्डवर डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचा रस्ता) १९२.१६८.७.१ दिलाय. लॅपटॉपवर आयपी फॉरवर्डिंग (एका इंटरफेसवरचं पॅकेट दुसऱ्यावर पाठवणं) चालू केलंय, आयपीटेबल्सच्या (लिनक्सच्या पॅकेट-नियमांच्या) नॅट टेबलात वायफायच्या इंटरफेसवर मास्करेडचा नियम टाकलाय, म्हणजे बोर्डची पॅकेट्स लॅपटॉपच्या पत्त्यानं बाहेर जावीत. यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) बंद आहे. केबलही बदलून पाहिली. कुठे अडतंय?

प्रतिसाद, सांगलीहून:
विंडोज असतं तर लगेच सांगितलं असतं. तिथे इंटरनेट शेअरिंग चालू केलं की विंडोज यूएसबीच्या अडॅप्टरला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता देऊन टाकतं, आणि बोर्ड ७.१ शोधत बसतो. उबुंटूमध्येही 'इतर संगणकांशी शेअर करा' हा पर्याय निवडू नका. तो १०.४२.०.१ पत्ता लावतो आणि मग चालू असलेलं एसएसएचही जातं.

प्रतिसाद, उद्यमनगरहून:
भावा, अंदाजानं नियम वाढवत बसू नकोस. बोर्डवर पिंग चालू ठेव आणि लॅपटॉपवर दोन टर्मिनल उघडून टीसीपीडम्प (जाणारी-येणारी पॅकेट्स दाखवणारी आज्ञा) लाव, एक यूएसबीच्या इंटरफेसवर, एक वायफायच्या. पॅकेट कुठपर्यंत पोचतंय ते आधी बघू.

धागाकर्ता:
दादा, यूएसबीच्या बाजूला दर सेकंदाला १९२.१६८.७.२ वरून ८.८.८.८ कडे रिक्वेस्ट येताना दिसते. वायफायच्या बाजूला काहीच नाही.

उद्यमनगर:
म्हणजे बोर्ड, केबल, गेटवे सगळं ठीक आहे. पॅकेट लॅपटॉपच्या आत मरतंय. मास्करेड शेवटच्या पायरीवर लागतं, तिथवर ते जातच नाही. आयपीटेबल्समध्ये फॉरवर्ड चेनची (लॅपटॉपमधून पुढे जाणाऱ्या पॅकेट्सच्या नियमांची) पॉलिसी बघ. ड्रॉप (पॅकेट टाकून देणं) दिसली तर सांग, लॅपटॉपवर डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) आहे का?

धागाकर्ता:
ड्रॉपच आहे! डॉकर कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी टाकलं होतं.

उद्यमनगर:
मग झालं. डॉकर सुरू होताना ती पॉलिसी ड्रॉप करतं, यूएफडब्ल्यू बंद असलं तरी. सगळी चेन अ‍ॅक्सेप्ट करून मोकळा होऊ नकोस, हॉटस्पॉटवरच्या इतरांना लॅपटॉपमधून पलीकडे जायची वाट मिळेल. डॉकर-यूजर चेनमध्ये (डॉकर आपल्या नियमांसाठी ठेवतं ती) दोनच नियम घाल. यूएसबीतून येऊन वायफायवर जाणारं सगळं अ‍ॅक्सेप्ट, आणि वायफायवरून यूएसबीकडे परत येणारं फक्त आधीच्या जोडणीचं. उबुंटूवर यूएसबीच्या इंटरफेसचं नाव 'ईएनएक्स'ने सुरू होऊन पुढे मॅक पत्ता असतो, आणि हा बोर्ड असे दोन इंटरफेस दाखवतो. ज्यावर ७.१ आहे तोच घे. लॅपटॉप रीस्टार्ट झाला की नियम जातात, स्क्रिप्टमध्ये ठेव.

धागाकर्ता:
पिंग गेला! वेबसाइटची नावं उलगडत नव्हती, ते रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये नेमसर्व्हर टाकल्यावर जमलं. पण आता अ‍ॅप्ट (डेबियनवर सॉफ्टवेअर उतरवून घेणारी आज्ञा) म्हणतंय की रिलीज फाइल अजून वैधच झालेली नाही.

उद्यमनगर:
बोर्डचं घड्याळ मागं आहे, म्हणून ती फाइल त्याला पुढच्या तारखेची वाटते. त्याच्या घड्याळाला बॅटरी नसते, वीज गेली की वेळ गेली. आत्तापुरती हातानं तारीख लाव, अ‍ॅप्ट चालेल. पण तुझ्या कामात हे त्याहून महत्त्वाचं आहे. हॉटस्पॉट नसताना बोर्ड चालू झाला तर तापमानापुढे चुकीची वेळ लिहिली जाईल, मग गुळव्यांनी कुठल्या क्षणी सांगितलं ते जुळवणार कसं? डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं छोटं मॉड्यूल लाव, त्यावर नाण्याएवढी बॅटरी असते.

धागाकर्ता:
हे लक्षातच आलं नसतं. जोडायचं कुठे?

उद्यमनगर:
बोर्डच्या पी९ हेडरवर (पिनांच्या पट्टीवर) १९ ला मॉड्यूलची एससीएल, २० ला एसडीए पिन. वीज ३ नंबरच्या पिनवरून, ३.३ व्होल्टची. ५ व्होल्ट अजिबात देऊ नकोस. मॉड्यूलवरचे पुल-अप रोधक तेच व्होल्टेज दोन्ही तारांवर आणतात, आणि या बोर्डच्या पिना ३.३ च्या वर सहन करत नाहीत. जोडून झालं की इथंच कळव.