आईच्या तळपायाची जखम: चांदीचं ड्रेसिंग घ्यावं का?

सातारकर_लेक: आईला शुगर आहे. अंगठ्याखाली जखम, कडेला पांढरी कडक कातडी. गॉज सुकून चिकटतो, सोडवताना रक्त येतं, तरी म्हणते, "दुखत नाही गं." मेडिकलवाला चांदीचं ड्रेसिंग सुचवतोय, काकू हळद भरा म्हणतात.

निवृत्त_सिस्टर: अगं, दुखत नाही हेच वाईट, नसा बधिर झाल्यात. हळद अजिबात नको. गॉज ओढू नकोस, सलाइनने भिजवून काढ. जखमेतून पाणी सुटत असेल तर ते शोषणारं फोम किंवा अल्जिनेट ड्रेसिंग, कोरडी असेल तर ओलावा देणारं हायड्रोजेल. नुसती जखम भरावी म्हणून चांदी नको, असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. कडक कातडी सर्जनकडून काढून घे, घरी ब्लेड लावायचं नाही! आणि आधी पायाचा डॉपलर, म्हणजे रक्तपुरवठ्याची तपासणी.

सातारकर_लेक: ती घरभर अनवाणी फिरते. देवघरात तर चप्पल चालतच नाही.

निवृत्त_सिस्टर: मग ड्रेसिंगचे पैसे पाण्यात. जखमेवरचा भार काढायला हवा. रक्तपुरवठा ठीक असेल आणि जंतुसंसर्ग नसेल तर भार काढणाऱ्या पायाच्या प्लास्टरबद्दल (हाड मोडल्यावर घालतात तसं) डॉक्टरांना विचार. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांना तेच घालायचे. लाली, वास किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. देवाला खुर्चीतून नमस्कार चालतो म्हणावं.