सुडोने प्रॉक्सी का टाकून द्यावी?

लॅबवाला: आमच्या कॉलेजच्या लॅबमधून इंटरनेटवर जायचं तर प्रॉक्सीतूनच, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमार्फतच. परवा नव्या उबुंटू (लिनक्स) मशीनवर कर्लने, म्हणजे कमांड देऊन वेबपान आणणाऱ्या प्रोग्रामने, पान आलं, म्हणजे नेट आहे. लगेच ‘सुडो अ‍ॅप्ट अपडेट’ दिलं (अ‍ॅप्ट सॉफ्टवेअर आणतं, सुडो ते रूट म्हणजे सर्वाधिकारी खात्याने चालवतो), तर शून्य टक्क्यावर ‘कनेक्टिंग’ म्हणत बसलं. केबल बदलली, डीएनएस पाहिलं, दोन तास गेले. मग कळलं, सुडो माझे बहुतेक एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल, म्हणजे शेल प्रोग्रामना देतो त्या सेटिंग्ज, पुसून टाकतो, त्यात प्रॉक्सीही गेली. पासवर्ड मी दिला, मशीन माझ्या ताब्यात, मग हे सोवळंओवळं कशाला? आता एलियासच (कमांडचं टोपणनाव) करून ठेवलाय: सुडो म्हटलं की कॅपिटल ई, म्हणजे व्हेरिएबल तसेच ठेवायचा पर्याय, आपोआप लागतो.

शंकेखोर: आधी तो एलियास काढा. कॅपिटल ई म्हणजे नुसती प्रॉक्सी नव्हे, जवळजवळ अख्खं बिऱ्हाड रूटच्या घरी. त्यातल्या एखाद्या व्हेरिएबलने तुमच्या फोल्डरातल्या कोडकडे बोट दाखवलं तर रूट तो चालवणार. होम, म्हणजे खात्याचं घर-फोल्डर, तेही तुमचंच राहतं. मी असंच पिप (पायथनची पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) चालवलं होतं. कॅश फोल्डरात रूटच्या मालकीच्या फायली पडल्या, त्या निस्तरत बसलो.

लॅबवाला: ज्याला ‘सुडो बॅश’ म्हणून रूटचा शेलच उघडता येतो, त्याच्यापासून व्हेरिएबल लपवून काय साधतं?

शंकेखोर: तुमच्यापासून नाही हो, तुमच्या बॅशआरसीत (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाईल) कुणी काय घुसवलंय त्यापासून. हवं तेवढंच न्या. सुडो १.८.२१ पासून ‘प्रिझर्व्ह-एन्व्ह’पुढे बरोबरचं चिन्ह देऊन नेमकी नावं लिहिता येतात. कायमचं हवं तर सुडोअर्समध्ये, म्हणजे सुडोच्या नियमांच्या फाईलीत, एन्व्ह_कीपपुढे ती नावं लिहा. फक्त ती व्हिसुडोनेच उघडा, तो चुका तपासतो; नाहीतर एक अवतरणचिन्ह राहिलं की सुडोच बंद पडू शकतो.

रात्रपाळी: दोघेही भलत्याच दारावर भांडताय. प्रॉक्सी माणसाची नसते, त्या जागेची असते. अ‍ॅप्टसाठी ‘अ‍ॅप्ट.कॉन्फ.डी’ या सेटिंग्जच्या फोल्डरात प्रॉक्सी सांगणारी एका ओळीची फाईल टाका, सुडो काही का करेना. डॉकरचा (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) डीमन, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, तर सिस्टमडी ही सेवा सुरू करणारी यंत्रणा उठवते, त्याला तुमच्या शेलचा वाराही लागत नाही. तिथे एन्व्ह_कीप काय कामाचं? आणि प्रॉक्सीला निरुपद्रवी समजू नका. २०१६ साली एचटीटीपॉक्सी नावाची सुरक्षेतली त्रुटी गाजली ते आठवतंय? बाहेरून वेब-विनंतीत ‘प्रॉक्सी’ नावाचा हेडर पाठवला की सीजीआयमध्ये (वेब सर्व्हरने प्रोग्राम चालवायची जुनी पद्धत) तोच एचटीटीपी_प्रॉक्सी हा व्हेरिएबल होऊन बसायचा. कर्ल या नावाची फक्त लहान अक्षरं मानतो, तो याच भीतीने.

लॅबवाला: फाईल टाकली, अपडेट धावतंय. एलियास मात्र ठेवतोय, सुडोने गिट क्लोन करायला (कोडची प्रत उतरवायला) लागतो.

शंकेखोर: गिट क्लोन सुडोने कशाला करता?!