गोगलगायींवर मीठ नको

बागेतल्या गोगलगायी मारायला त्यांच्यावर मीठ टाका, असं कुणी कुणी सुचवतं. कुंडीत तर ते अजिबात करू नका. मीठ मातीत उतरतं आणि रोपाची मुळं करपतात.

आमच्याकडे नाशिकला श्रावणातली रिपरिप लागली की शंखी आणि बिनशंखाच्या, दोन्ही गोगलगायी निघतात. खात्रीचा उपाय म्हणजे गोणपाट. गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरायचं, पहाटे उलटायचं. खाली चिकटून बसलेल्या सापडतात. त्या हातमोजे घालूनच उचला, कारण मोठ्या शंखीतून माणसाला जंतसंसर्ग होऊ शकतो. मग साबणाच्या दाट पाण्यात बुडवा. कुंडी उचलून तळाची भोकंही बघा, दिवसा तिथेच दडतात. माती उकरताना साबुदाण्यासारखी पांढुरकी अंडी दिसली तर तीही काढा, नाहीतर पुढची पिढी तयारच.

पाणी सकाळी घाला, रात्री माती ओली राहिली की त्यांचं फावतं.

औषध लागलंच तर फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या बघा. मेटाल्डिहाइड हे गोगलगायी मारायचं दुसरं औषध कुत्र्यामांजरांच्या जिवावर बेतू शकतं, घरच्या बागेत ते आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पालेभाजी खाण्याआधी प्रत्येक पान वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा.