मावळतीच्या उजेडातलं रानफूल: सूर्य ठेवू की कापू?

सांजसावली

मंडळी, एकाच फोटोवर तीन संध्याकाळी कातरकाम करून झालं, तरी घोडं अडलेलंच आहे.

उतारावरच्या गवतात एक पिवळं रानफूल, पाच पाकळ्या, देठावर बारीक लव. मागे मावळता सूर्य, क्षितिजापासून चारपाच अंश वर. पोटावर पडून काढलाय, फुलापासून जेमतेम अर्ध्या मीटरवरून. ५० मिमी लेन्स, एफ ४, बाकी सगळं कॅमेऱ्यावर सोडलेलं. समोर बघताना पाकळ्या आत दिवा ठेवल्यासारख्या पेटल्या होत्या आणि लव सोन्याच्या तारेसारखी चमकत होती. फोटोत मात्र फूल मळकट तपकिरी आलंय. उजवीकडे वर सूर्याचा पांढरा डाग, क्षितिजाची धूसर पट्टी बरोब्बर फुलाच्या मानेतून आरपार, आणि डावीकडे खाली एक हिरवा ठिपका, तो कुठून उपटला देव जाणे.

प्रचि (प्रकाशचित्र) १: मूळ आडवा, ६०००×४०००.
प्रचि २: चौकोनी, नुसतं फूल, १५००×१५००.
प्रचि ३: उभा, २६६७×४०००. यात उजव्या कडेला सूर्य अर्धा कापला जातोय.

१२×१८ इंचाचा प्रिंट काढून भिंतीवर लावायचा आहे. कोणता घेऊ? सूर्य ठेवावा की कापावा?

तिरपी_नजर

प्रचि २च घ्या. फोटो फुलाचा आहे ना? मग सूर्याला रजा द्या. प्रचि ३ मधला अर्धा सूर्य तर नकोच. फुलावर नजर ठरतच नाही, सारखी कडेला पळते.

भिंगकाका

तिरपी_नजर, कडेबद्दल अगदी सहमत. सूर्य एक तर पुरता आत हवा, नाहीतर पुरता बाहेर. बाहेर असला तरी त्याची ऊब त्या बाजूच्या गवतावर दिसतेच, तेवढी पुरते.

पण सांजसावलीताई, स्पष्टच सांगतो, तुमचं दुखणं कातरण्यात नाही. फुलामागे काय आहे, त्यात आहे.

पाकळी पातळ असते, मागचा उजेड तिच्यातून गाळून येतो. पण तिच्यामागे आकाशच असेल, तर आकाश पाकळीपेक्षा कितीतरी उजळ. कॅमेरा आकाशाला सांभाळतो आणि फूल काळवंडतं. तीच पाकळी सावलीतल्या गडद उतारासमोर आणा, पेटलेली दिसेल. लवेचंही तेच. सोनेरी कड गडदावरच उठते, उजळ आकाशात विरघळून जाते.

आता हिशेब बघा. फूल अर्ध्या मीटरवर. कॅमेरा दहा सेंटिमीटर वर उचललात, तर फुलामागचं दृश्य सुमारे ११ अंशांनी सरकतं. सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं, म्हणजे बावीस सूर्य एकावर एक रचावेत एवढा फरक! मानेतून गेलेलं क्षितिज थेट फुलाच्या डोक्यावर जाईल आणि पाकळ्यांमागे उतार येईल. घरी बसून कितीही कातरा, ही सरकासरकी होणार नाही. कातरून चौकट लहान होते, फूल आणि क्षितिज यांचं नातं होतं तसंच राहतं.

एक धोका आहे. मागे गडद आलं की कॅमेरा उलटी चूक करतो. सगळं उजळवायला जातो आणि पाकळ्या पांढऱ्याफटक होतात. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप खाली ओढा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली कच्ची, ठेवा. जळालेली पाकळी रॉमधूनही परत मिळत नाही, काळोखातलं गवत बरंचसं मिळतं. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवरून काढून डेलाइटवर टाका, ऑटो मोड संध्याकाळचा तांबूसपणाच दोष समजून धुऊन काढतो.

हिरवा ठिपका म्हणजे लेन्सच्या आतल्या काचांवर उजेड आपटून झालेलं भूत. ते बहुधा सूर्यापासून चौकटीच्या मध्यातून काढलेल्या रेषेवर, पलीकडच्या बाजूला बसतं. तुमच्याकडे सूर्य उजवीकडे वर, भूत डावीकडे खाली. लेन्सपुढे यूव्ही फिल्टरची काच असेल तर काढा, तो आणखी भुतं आणतो. काचेवरचा बोटाचा ठसाही अशा उजेडात हजेरी लावतो. सूर्य चौकटीबाहेर ठेवणार असाल तर लेन्सवर टोपीची सावली धरा. टोपी फोटोत येऊ देऊ नका, माझी दोनदा आली आहे.

सांजसावली

काका, बावीस सूर्य वाचून उठून बसले. मी खाली पडून राहिले हीच चूक म्हणायची! सगळीकडे ‘फुलाच्या पातळीवर जा’ असंच वाचलं होतं. आणि हो, फिल्टर होता.

प्रिंटचंही सांगा. चौकोनी मोठा केला तर फुटेल ना?

भिंगकाका

पातळीवर जाणं चूक नाही, आकाशासमोर काळी आकृती हवी असेल तर तेच करायचं. तुम्हाला पेटलेली पाकळी हवी होती.

१५०० पिक्सेल म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) पाच इंच. १२ इंचांवर ताणलात तर १२५ डीपीआय, शिवाय आकार चौकोनी, १२×१८ च्या चौकटीत बसणारच नाही. उभा २६६७×४००० घेतलात तर साधारण २२२ पडतात. भिंतीवर, दोन हात लांबून बघायला भरपूर झाले. पण आधी पुन्हा काढा.

तिरपी_नजर

काकांचं पटलं, माझी रजा मागे घेते. दोन गोष्टी माझ्याकडूनही. आरशाचा कॅमेरा (डीएसएलआर) असेल तर व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, सूर्याकडे बघू नका, स्क्रीनवर बघा. डोळा आहे तो. आणि वाऱ्यात देठ डोलत असेल तर शटर १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवा. विरुद्ध उजेडात ऑटोफोकस चाचपडत बसतो, हातानेच पुढच्या पाकळीच्या कडेवर लावलेला बरा.

सांजसावली

अहवाल. पहिल्या संध्याकाळी ढग. दुसऱ्या दिवशी उशिरा पोचले, फूल मिटायला लागलेलं. काही फुलं संध्याकाळी दुकान बंद करतात हे इतकं उघड असून डोक्यात आलं नव्हतं. काल सूर्य आठदहा अंशांवर असतानाच जाऊन बसले. एक अंश उतरायला निदान चार मिनिटं लागतात हे कळल्यापासून घाईही होत नाही.

कॅमेरा वीतभर वर, गुडघ्यांवर उभं राहून. (गुडघ्यांनी निषेध नोंदवला आहे.) स्क्रीनवर क्षितिज फुलाच्या वर गेलं आणि मागचा उतार जांभळट काळा झाला, त्या क्षणी मी एकटीच मोठ्याने ‘अगं बाई!’ म्हणाले. एक्स्पोजर उणे एक. उणे दीडवर देठाची लव बुडत होती. सूर्य बाहेर, टोपी हातात.

कातरताना डावीकडचे फक्त दोनशे पिक्सेल गेले, तिथे एक उजळ काडी कडेला घासत होती. पण उजवीकडे खाली एक सुकलं, कुरतडलेलं पान आहे, त्याचीही कड सोन्याची झालीय. उभा कातरला तर ते जातं. काय करू?

भिंगकाका

आडवाच छापा. पान राहू दे.

तिरपी_नजर

पान राहू दे. आणि तो मोठ्याने ‘अगं बाई’ झालेला मूळ फोटोही टाका इथे, न कातरता.